चाड्यावरची मूठ आणि बॉलपेनचे टोक

(बी. ए. द्वितीय वर्ष)

गेल्या वर्षीची गोष्ट. प्रथम वर्षाचा इतिहासाचा पेपर होता. चार प्रश्न मनासारखे लिहून झाले होते. मला सर्वांत चांगला येणारा पाचवा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. त्याच्या दुसऱ्याच ओळीत पेन अडले. अक्षराची उभी रेघ उमटे, वरची शिरोरेघ उमटत नसे. पेन झटकले, तोंडाची वाफ दिली, पाठीमागच्या कोऱ्या पानावर गिरवून पाहिले. अखेर पर्यवेक्षक सरांनीच आपल्या खिशातले पेन काढून दिले. परंतु तोवर दहा-बारा मिनिटे गेली होती आणि उत्तर अर्धेच राहिले.

आमच्या घरातून महाविद्यालयाच्या परीक्षेला बसणारा मीच पहिला. त्यामुळे पेपर कसा गेला हे सांगताना पेन अडणे म्हणजे काय, हेही समजावून सांगावे लागले. आई म्हणाली, “पेन चालंना म्हंजे काय झालं? नळा तुंबला असंल की.”

आम्ही सारे हसलो. पण त्या हसण्यानंतरच हा विषय माझ्या डोक्यात शिरला. कारण आई बोलली ते तिफणीविषयी. आमच्या जळकोटच्या डोंगराळ भागात आता बहुतेक पेरणी ट्रॅक्टरने होते. तरी उताराच्या तुकड्यांत अजून तिफण चालते. पुढे बैल, मागे चाड्यावर मूठ धरून चालणारी बाई. चाडे म्हणजे बी सोडण्याची लाकडी वाटी. तिच्यातून नळ्यांवाटे बी फणांमागे जमिनीत पडते. मूठ सैल सुटली तर बी दाट पडते, आवळली तर विरळ. बैल थांबले की मूठ थांबली पाहिजे, नाहीतर एकाच जागी ढीग पडतो. ओल्या मातीने नळ्याचे तोंड बुजले तर बी वरच अडते, तिफण मात्र पुढे जात राहते. ते तास रिकामे गेल्याचे आठ दिवसांनी उगवण झाल्यावर कळते.

पेनाकडून आपण याहून वेगळे काय मागतो? हात चालेल तेव्हा शाई यावी, सारखी यावी आणि हात थांबताच थांबावी. शाई नुसती सोडणे सोपे आहे. ती मोजून सोडणे अवघड. ही चाड्यावरची मूठ बॉलपेनात कोणी धरलेली असते, ते या लेखात पाहू.

प्रथम जुन्या साधनांकडे वळू. आपल्याकडे मोडीचे दप्तर बोरूने लिहिले गेले. बोरू दौतीत बुडवावा, चार शब्द लिहावेत, पुन्हा बुडवावा. पहिला शब्द काळाभोर आणि शेवटचा फिकट. पुढे टाक आला. त्याच्या पोलादी निबेला चीर असते. समईची वात जशी तेल वर ओढते, तशी ही बारीक चीर शाईला धरून ठेवते आणि कागदाला टेकताच खाली देते. भौतिकशास्त्रात याला केशाकर्षण म्हणतात. फाउंटन पेनमध्ये तेच तत्त्व असून निबेखालच्या काळ्या जिभेतून शाई खाली येते आणि तिच्या जागी हवा वर जाते. मुंबईत दांडेकर बंधूंनी १९३१ साली हॉर्स ब्रँड शाईच्या पुड्यांपासून जो उद्योग सुरू केला, तोच पुढे कॅम्लिन या नावाने घरोघर पोचला. त्या काळी पुडी पाण्यात कालवून दौत भरीत असत.

ही शाई पाण्यासारखी पातळ. ती निबेतून सहज उतरते, पण कागदावर वाळायला वेळ लागतो. हात लागला की फरपटते. पेन पडले की डाग पडतो.

हंगेरीतील लास्लो बिरो या पत्रकाराला हाच त्रास होता. छापखान्याची शाई लवकर वाळते हे तो पाहत होता. पण ती इतकी दाट की निबेतून उतरेना. तेव्हा त्याने निबच काढून टाकली आणि टोकाला एक फिरती गोळी बसवली. कल्पना अगदी नवी नव्हती. अमेरिकेत जॉन लाऊड याने १८८८ सालीच कातड्यावर खुणा करण्यासाठी असे साधन पेटंट केले होते. पण त्याने कागदावर नीट लिहिता येत नसे. बिरोने आपला भाऊ ग्यॉर्गी या रसायन जाणणाऱ्याच्या मदतीने गोळी आणि शाई यांचा मेळ घातला. १९३८ मध्ये त्याने पेटंट घेतले. नंतर तो अर्जेंटिनात गेला आणि १९४३ मध्ये सुधारित पेनाचे पेटंट तेथे घेतले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या विमानदलाने ही पेने वापरली, कारण उंचावर हवेचा दाब घटला की फाउंटन पेन गळत असे.

१९४५ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या एका दुकानात मिल्टन रेनॉल्ड्स याने आपले बॉलपेन साडेबारा डॉलरला विकायला काढले, तेव्हा लोकांची झुंबड उडाली. मात्र ती पेने गळत आणि मध्येच अडत. गोळी होती, शाई होती. मूठ नीट बसली नव्हती. फ्रान्सच्या मार्सेल बिक याने १९५० साली स्वस्त आणि भरवशाचे पेन बाजारात आणले, आणि मग जगभर बॉलपेनचे राज्य सुरू झाले.

ही मूठ कशी असते ते पाहावे म्हणून मी एक संपलेली कांडी घेतली आणि भूगोल विभागातील नकाशे वाचण्याचे भिंग मागून आणले. भिंगातून पिवळ्या धातूचा निमुळता शंकू आणि त्याच्या तोंडाशी चमकणारी गोळी दिसली. आतली रचना भिंगातून दिसत नाही. ती वाचून समजून घेतली.

गोळीचा व्यास साधारणपणे ०.५ ते १ मिलिमीटर. आजकाल ती बहुधा टंगस्टन कार्बाइड या अतिशय कठीण पदार्थाची असते. कोबाल्टच्या मदतीने त्याची भुकटी दाबून, तापवून, मग घासून ही गोळी घडवतात. ती जवळजवळ पूर्ण गोल हवी, पण काचेसारखी गुळगुळीत नको. पृष्ठभागावर अतिसूक्ष्म खडबडीतपणा असला तरच शाई तिला धरून राहते आणि कागदावर तिची पकड बसते. पकड नसेल तर गोळी फिरत नाही, घसरते.

गोळी ज्यात बसते ती खोबणी पितळेची, निकेलमिश्रित धातूची किंवा गंज न चढणाऱ्या पोलादाची असते. तारेचा तुकडा घेऊन त्याला मधोमध छिद्र पाडतात. गोळीच्या बैठकीभोवती बारीक चर कोरतात, म्हणजे गोळी बैठकीवर टेकली तरी शाईची वाट बंद होत नाही. मग गोळी आत ठेवून खोबणीची कड चहूकडून आत वळवतात. गोळीचा अर्ध्याहून अधिक भाग आत राहतो म्हणून ती निसटत नाही, आणि थोडा बाहेर राहतो म्हणून कागदाला टेकते.

खरी मूठ आहे ती या वळवलेल्या कडेत. कड आणि गोळी यांच्यामध्ये मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतकी फट ठेवलेली असते. गोळी फिरली की रहाटासारखे होते: आतली बाजू शाईत भिजून बाहेर येते, कागदावर शाई ठेवते आणि रिकामी होऊन पुन्हा आत जाते. किती जाड थर बाहेर यायचा हे ती फट ठरवते. फट जास्त झाली तर शाईचे गोळे पडतात. कमी झाली तर रेघ तुटते. तीच शाई गोळीला वंगणही पुरवते, म्हणून शाई कमी पडली की पेन खरखरू लागते. १ मिलिमीटर गोळीची रेघ मात्र साधारण ०.४ मिलिमीटरच उमटते, कारण गोळीचा अगदी तळच कागदाला टेकतो.

फट एवढी बारीक असूनही पातळ शाई तिच्यातून पाझरली असती. म्हणून बॉलपेनची शाई तेलकट आणि पाण्याहून हजारो पट दाट असते. हात थांबला की ती स्वतःच्या दाटपणामुळे जागच्या जागी राहते. उन्हाळ्यात ती सैल पडते आणि थंडीत घट्ट होते. जेल पेनाची शाई, जी जपानच्या साकुरा कंपनीने १९८४ साली प्रथम बाजारात आणली, ती पाण्याची असूनही सांडत नाही. तिची तऱ्हा डबीतल्या चुन्यासारखी. डबी आडवी केली तरी चुना ओघळत नाही, पण बोटाने फासला की सहज पसरतो. गोळी फिरते तेव्हा जेलची शाई सैल होते, गोळी थांबली की पुन्हा आळते.

आणखी एक गोष्ट आपण विसरतो, ती म्हणजे हवा. पुढून शाई गेली तर तिच्या जागी मागून हवा आली पाहिजे. म्हणून कांडीचे मागचे तोंड उघडे असते आणि पुष्कळ पेनांच्या दांडीला बारीक भोक असते. पाठीवर झोपून, पेन उलटे धरून लिहिले तर थोड्या वेळात ते बंद पडते, कारण शाई गोळीपासून मागे सरते आणि तिथे हवा शिरते. अंतराळवीरांसाठी दाब दिलेल्या शाईचे वेगळे पेन करावे लागले. ते १९६८ च्या अपोलो ७ मोहिमेत वापरले गेले.

या गोळीला किती कष्ट पडतात याचा मी एक हिशेब केला. माझ्या हस्ताक्षरातील एका ओळीवर दोरा ठेवत ठेवत मोजले, तेव्हा शिरोरेघेसह शाईची लांबी सुमारे पाऊण मीटर भरली. चोवीस ओळींच्या पानाला अठरा मीटर. ०.७ मिलिमीटरच्या गोळीचा परीघ २.२ मिलिमीटर, म्हणजे ती न घसरता फिरली असे धरले तर एका पानाला आठ हजारांवर फेरे. तीन तासांत चोवीस पाने लिहिणाऱ्याची गोळी दोन लाखांच्या आसपास फेरे घेते, मिनिटाला हजाराहून अधिक! एक कांडी सुमारे दोन किलोमीटर रेघ ओढते असे धरले, तर माझी शंभरेक पाने होतात.

एवढी अचूक वस्तू स्वस्तात मिळते, ही गोष्ट साधी नाही. चीनसारखा देश, जो माणसाला अंतराळात पाठवतो आणि वर्षाला अब्जावधी पेने बनवतो, तो टोकासाठी लागणारे खास पोलाद बराच काळ बाहेरून आणत असे. २०१७ च्या जानेवारीत तेथील तैयुआनच्या पोलाद कारखान्याने ते तयार केल्याची बातमी आली, तेव्हा देशभर तिचे कौतुक झाले. आपल्या मुंबईतही पेनांचा मोठा उद्योग आहे. १९७६ साली सुरू झालेली फ्लेअर ही त्यांपैकी एक कंपनी.

आता माझ्या पेनाकडे येतो. त्या दिवशी सकाळी बसस्थानकावर ते माझ्या हातातून फरशीवर पडले होते, आणि नेमके टोकावर. गोळी कठीण, तिला काही होत नाही. पण खोबणीची कड मऊ धातूची, ती चेपली असणार. एका बाजूची फट मिटली की गोळी एका दिशेने फिरते, दुसऱ्या दिशेने अडते. उभी रेघ वरून खाली येते, शिरोरेघ डावीकडून उजवीकडे जाते. आपल्या देवनागरीत दर अक्षराला दिशा बदलते, म्हणून हा दोष आपल्या लिपीत लगेच उघडा पडतो. वाफ देऊन किंवा झटकून चेपलेली कड सरळ होत नाही. कित्येक मित्र काडी पेटवून टोक तापवतात. त्यानेही चेप जात नाही, उलट प्लॅस्टिकची कांडी वितळते.

परीक्षेच्या दृष्टीने चार गोष्टी सांगतो. बाकावर एकच कागद ठेवून लिहू नये. खाली दोन-चार पाने असली की गोळीला पकड मिळते. घामाचा किंवा तेलाचा हात कागदावर फिरवू नये, कारण तेलकट जागेवर गोळी घसरते. बोरूच्या सवयीने पेन फार आडवे धरू नये. आडव्या पेनाची कड कागदाला घासते, म्हणून बॉलपेन थोडे उभेच धरावे. आणि पेन खिशात टोपण लावून ठेवावे.

पाचवी गोष्ट आईने सांगितली. हे सारे मी तिला समजावले तेव्हा ती म्हणाली, “मंग दोन पेनं नेत जा. आमी बी पेरायला निघताना नळ्यात घालायला काडी संगं ठेवतोच की.” यंदाच्या परीक्षेला मी दोन पेने नेली. दुसऱ्याची गरज पडली नाही.