कंपवात, सुई आणि मेंदूचे चित्र

निपाणीजवळच्या एका गावी प्रचारकार्याच्या निमित्ताने गेलो असता एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांची गाठ पडली. उजवा हात मांडीवर स्वस्थ ठेवलेला असताना त्यांचा अंगठा तर्जनीवर सारखा घोळत होता. तंबाखूच्या या मुलखात एखाद्या परक्यास वाटावे की, गुरुजी तंबाखू मळीत आहेत. वस्तुतः हे कंपवाताचे लक्षण होते. गुरुजींनी घडी घातलेले एक हस्तपत्रक पुढे केले. त्यावर मेंदूचे रंगीत चित्र असून काही भाग लालभडक दाखविला होता. सुया टोचल्याने मेंदू पुन्हा जागा होतो, असा मजकूर खाली होता. गुरुजी म्हणाले, “साहेब, यंत्रानेच फोटो काढलाय म्हणे. मग या रोजच्या गोळ्या बंद केल्या तर चालतील का?”

प्रश्न साधा होता. परंतु त्याच्या उत्तरावर त्यांचे उठणे-बसणे अवलंबून होते. म्हणून हा विषय थोडा विस्ताराने मांडणे इष्ट वाटते.

या विकाराचे वर्णन लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये केले आणि पुढे त्यांचेच नाव त्यास मिळाले. आपल्याकडे आयुर्वेदात कंपवात ही संज्ञा आहे. मेंदूच्या तळाशी काळसर रंगाच्या पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. तेथे डोपामिन नावाचे द्रव्य तयार होते आणि हालचालींचे नियमन करणाऱ्या भागांकडे जाते. या पेशी हळूहळू नष्ट होत जातात व बऱ्याच पेशी गेल्यानंतरच लक्षणे दिसू लागतात. सर्वांचेच हात थरथरतात असे नाही. चाल मंदावते, पाऊल घासत पडते, चालताना एक हात हलेनासा होतो, चेहरा निर्विकार दिसतो. शिक्षकबंधूंनी विशेष ध्यानात ठेवावे असे एक चिन्ह म्हणजे अक्षर. ओळीच्या आरंभी ठसठशीत असणारे अक्षर शेवटी मोहरीएवढे होऊ लागले, तर ते केवळ वयोमानाने झाले असे समजू नये.

चिनी सूचिचिकित्सा, म्हणजेच ॲक्युपंक्चर, आपणास अगदीच परकी नाही. १९३८ मध्ये भारतातून जे पाच डॉक्टरांचे पथक चीनला गेले, त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. कोटणीस तेथेच १९४२ मध्ये निवर्तले. ते शल्यचिकित्सक होते, सुयांचे वैद्य नव्हेत. मात्र त्याच पथकातील डॉ. बिजयकुमार बसू यांनी पुढे चीनमध्ये ही विद्या आत्मसात केली व १९५९ च्या सुमारास कोलकात्यात तिचा आरंभ केला. आज महाराष्ट्रात या उपचारपद्धतीसाठी स्वतंत्र कायदा आहे.

आता त्या रंगीत चित्राविषयी. एमआरआय यंत्र हे एक प्रचंड चुंबक होय. त्यात क्ष-किरण नसतात. मेंदूचा जो भाग काम करू लागतो तिकडे प्राणवायूयुक्त रक्ताचा ओघ वाढतो, आणि प्राणवायू असलेले व नसलेले रक्त चुंबकास किंचित निराळा प्रतिसाद देते. हा फरक टिपता येतो, असे जपानी शास्त्रज्ञ सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये दाखविले. तेव्हा चित्रातील लाल रंग हा मेंदूचा रंग नव्हे, फोटोही नव्हे. गणिताने काढलेला फरक तेथे रंगाने भरलेला असतो. गणित सैल ठेवले तर काय होते, याचे एक गमतीदार उदाहरण आहे. २००९ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी बाजारातून आणलेला एक मेलेला मासा यंत्रात ठेवला, आणि त्याच्याही मेंदूत ‘हालचाल’ दिसली! आवश्यक ती दुरुस्ती करताच ती नाहीशी झाली.

याच यंत्राच्या साहाय्याने कोरियातील संशोधकांनी २००९ मध्ये कंपवाताच्या १० रुग्णांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. गुडघ्याच्या खाली, पायाच्या बाहेरच्या अंगास हाडाचे जे टेंगूळ हातास लागते, त्याच्या किंचित पुढे व खाली एक खळगा आहे. चिनी वैद्यकात स्नायूंच्या विकारांसाठी हे स्थान मानलेले आहे. यंत्रात चालणारी, चुंबकास न चिकटणारी सुई तेथे टोचली. रुग्णास खरी वाटेल अशी खोटी सुई, आणि खोटी आहे हे उघड सांगून दिलेली खोटी सुई, असे आणखी दोन प्रकार तुलनेस ठेवले. खऱ्या सुईने हालचालींशी संबंधित भाग अधिक जागृत झाले, आणि ज्यांच्यात हा बदल अधिक, त्यांच्या हालचालीही अधिक सुधारल्या. परंतु खरी समजून घेतलेल्या खोट्या सुईनेही मेंदूच्या काही अन्य भागांत फरक घडविला. तो केवळ अपेक्षेचा परिणाम होता.

ही अपेक्षा कंपवातात फार बलवान असते. कॅनडातील संशोधकांनी २००१ मध्ये अल्प किरणोत्सारी द्रव्य वापरणाऱ्या पेट यंत्राने दाखविले की, औषध म्हणून निव्वळ खारे पाणी टोचले तरी रुग्णाच्या मेंदूत खरोखरीचे डोपामिन स्रवते. म्हणजे ‘बरे वाटले’ असे म्हणणारा रुग्ण खोटे बोलत नसतो. पण ते श्रेय सुईचे की आशेचे, हे मोठ्या तुलनात्मक चाचणीनेच ठरते. अमेरिकेत ९४ रुग्णांच्या थकव्यावर अशी चाचणी झाली व २०१६ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. खऱ्या व खोट्या अशा दोन्ही सुयांनी थकवा कमी झाला. दोहोंत फरक आढळला नाही. मेलेल्या पेशी सुईने परत येतात, असा पुरावा एकाही चित्राने दिलेला नाही. माझ्या मते हस्तपत्रक छापणाऱ्याने हे वाक्यही तेवढ्याच मोठ्या टाइपात छापावयास हवे होते.

गुरुजींच्या गोळीत लेव्होडोपा आहे. मेंदूत गेल्यावर त्याचेच डोपामिन होते. आपल्या रानात, कुंपणावर वाढणाऱ्या खाजकुहिलीच्या बियांतही हेच द्रव्य असल्याचे भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी १९३७ मध्येच दाखविले होते. मात्र बीमध्ये ते किती उतरेल याचा नेम नसतो, आणि गोळ्यांबरोबर परस्पर चूर्ण घेणे म्हणजे मात्रा नकळत वाढविणे होय. याउलट गोळी एकाएकी बंद करणे त्याहून वाईट. शरीर लाकडासारखे ताठरते, तीव्र ज्वर येतो, भान हरपते; प्रसंगी प्राणावर बेतते. गोळी कमी करावयाची असली तरी ती डॉक्टरांनीच, टप्प्याटप्प्याने करावयाची असते. जेवणातील डाळ, दूध, मांस यांतील प्रथिने औषधाच्या शोषणास अडथळा करू शकतात. म्हणून ती जेवणापूर्वी सुमारे अर्धा तास घेण्यास बहुधा सांगितले जाते.

सुया घ्याव्यातच असे वाटल्यास गोळ्या चालू ठेवून घ्याव्यात. उपचारकाची नोंदणी पाहावी, आणि सुई बंद पाकिटातून आपल्यादेखत काढलेली व एकदाच वापरावयाची आहे याची खात्री करून घ्यावी. रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास तसे आधी सांगावे. निपाणी परिसरातील रुग्णांस मेंदूविकारतज्ज्ञ बेळगाव किंवा कोल्हापूर येथे भेटू शकतात. पुण्यात ‘पार्किन्सन्स मित्रमंडळ’ असून त्याचे काम मराठीतूनच चालते.

गुरुजींनी हे सारे शांतपणे ऐकून घेतले. मग हस्तपत्रकाच्या कोऱ्या बाजूस गोळ्यांच्या वेळा लिहून देण्यास सांगितले. सकाळची वेळ त्यांनी स्वतःच लिहिली. उरलेल्या दोन त्यांच्या सुनेने लिहिल्या.