ध्वनिमुद्रण व संगीताचा स्वामित्वाधिकार
दुसऱ्याची चाल, दुसऱ्याचे शब्द किंवा दुसऱ्याने पूर्वी केलेले ध्वनिमुद्रण आपल्या नव्या ध्वनिमुद्रणात वापरणाऱ्यास जे कायदेशीर निर्बंध पाळावे लागतात, त्यांचा समावेश संगीताच्या स्वामित्वाधिकारात, म्हणजेच कॉपीराइटमध्ये होतो. ऐकणाऱ्यास गाणे एकच वाटते. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्यात अनेक स्वतंत्र हक्क एकत्र आलेले असतात. शब्द ही वाङ्मयीन कृती, चाल ही सांगीतिक कृती आणि ध्वनिमुद्रण ही तिसरी कृती होय. गायक-वादकांचा प्रयोगाधिकार यांहून वेगळा. या प्रत्येकाचा मालक निराळा असू शकतो व प्रत्येकाची मुदतही निराळी असते. ग. दि. माडगूळकर यांचे शब्द आणि सुधीर फडके यांची चाल असलेल्या एखाद्या गीताची ध्वनिमुद्रिका १९६० साली प्रकाशित झाली असल्यास त्या मुद्रणाचे साठ वर्षांचे संरक्षण २०२० अखेर संपले. शब्दांचे व चालीचे संरक्षण मात्र कर्त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे मोजावयाचे असल्याने माडगूळकरांच्या (मृत्यू १९७७) शब्दांचे २०३७ अखेरपर्यंत आणि फडके यांच्या (मृत्यू २००२) चालीचे २०६२ अखेरपर्यंत टिकेल. म्हणून ‘हे मुद्रण जुने आहे, तेव्हा गाणे सर्वांचे’ हा समज चुकीचा ठरतो.

ध्वनिमुद्रणाविषयीचे नियम मूळ छापील संगीतासाठी केलेल्या कायद्यांतून वाढले आहेत. स्वयंचलित पियानोत बसविण्याच्या छिद्रित गुंडाळ्या माणसास वाचता येत नाहीत, सबब त्या स्वरलिपीच्या प्रती नव्हेत, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ साली दिला. पुढच्याच वर्षी तेथील संसदेने संगीतकारास यांत्रिक पुनरुत्पादनाचा हक्क दिला. पण एकाच कंपनीच्या हाती सर्व संगीत जाईल या धास्तीने त्यावर मर्यादाही घातली. संगीतकाराने एकदा मुद्रणास परवानगी दिली, की प्रत्येक प्रतीमागे दोन सेंट स्वामित्वधन भरून कोणासही ती रचना पुन्हा मुद्रित करता येऊ लागली. या योजनेस सक्तीची अनुज्ञप्ती म्हणतात. ब्रिटनने १९११ च्या कायद्यात याच धर्तीची तरतूद केली व १९१४ च्या कायद्याने ती हिंदुस्थानास लागू झाली.

स्वतंत्र भारताच्या १९५७ च्या स्वामित्वाधिकार अधिनियमाने ही चौकट स्वीकारली. तथापि तिच्यातील एक उणीव भारतीय संगीतास विशेष जाचक होती. लिहिलेला, छापलेला अथवा अन्य प्रकारे आलेखित केलेला स्वरमेळ अशी सांगीतिक कृतीची व्याख्या त्यात होती. मुखोद्गत परंपरेतून आलेल्या आणि पेटीवर बसून चाल बांधणाऱ्या संगीतकाराने स्वरलिपी लिहिली नसेल, तर त्याच्या चालीस संरक्षण मिळते की नाही हेच त्यामुळे संदिग्ध राहिले. १९९४ च्या दुरुस्तीने लेखनाची अट काढून टाकली. गायकाची स्थिती याहून वाईट होती. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगीतांसंबंधीच्या एका खटल्यात निर्णय दिला, तेव्हा न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्वतंत्र टिपण जोडून गायकास कायद्यात कोणताही हक्क नाही याकडे लक्ष वेधले. भारतीय संगीतात गाणारा चालीत स्वतःची भर घालीत असतो, हे ध्यानी घेता ती उपेक्षा खरोखरच विचित्र होती. गायक-वादकांस प्रयोगाधिकार मिळाला तोही १९९४ मध्येच. १९९९ मध्ये त्याची मुदत पंचवीसवरून पन्नास वर्षे करण्यात आली. चित्रपटासाठी लिहिलेल्या व बांधलेल्या गीतांच्या अन्यत्र होणाऱ्या वापरातील स्वामित्वधनाचा समान वाटा गीतकार व संगीतकार यांना सोडून देता येणार नाही, असा दंडक २०१२ च्या दुरुस्तीने घालून दिला.

दुसऱ्याचे गाणे पुन्हा गाऊन मुद्रित करणे आणि दुसऱ्याच्या मुद्रणाचा तुकडा उचलणे यांतील भेद सर्वांत महत्त्वाचा आहे. पहिल्या प्रकारास आवृत्ती-मुद्रण म्हणता येईल. बाजारात ते ‘कव्हर’ किंवा ‘व्हर्शन’ या नावाने ओळखले जाते. यात शब्द व चाल यांचे हक्क गुंततात, मूळ ध्वनिमुद्रणाचा हक्क गुंतत नाही. कारण कितीही हुबेहूब गायिले तरी नवे मुद्रण नव्या आवाजाचे असते. १९५७ च्या कायद्याप्रमाणे सूचना देऊन व स्वामित्वधन भरून असे मुद्रण करता येत असे. १९८० च्या दशकात ध्वनिफितींचा प्रसार झाला, तेव्हा सुपर कॅसेट्सने याच सवलतीच्या आधारे जुनी चित्रपटगीते नव्या गायकांकडून गाऊन घेऊन स्वस्तात विकली व मूळ मुद्रणांच्या मालकांशी तिचे दीर्घकाळ वाद झाले. २०१२ च्या दुरुस्तीने अटी कडक केल्या. आता पहिले मुद्रण झालेले वर्ष संपल्यानंतर पाच वर्षे थांबावे लागते. नवे मुद्रण सामान्यतः शेवटच्या मुद्रणाच्याच माध्यमात असावे लागते. वेष्टनावर मूळ गायकाचे नाव वा छायाचित्र छापून खरेदीदाराची दिशाभूल करता येत नाही. शब्दांत किंवा चालीत तांत्रिकदृष्ट्या अपरिहार्य नसलेला फेरफार चालत नाही. शिवाय प्रत्येक कृतीसाठी दर वर्षी किमान पन्नास हजार प्रतींचे स्वामित्वधन आगाऊ भरावे लागते. ही शेवटची अट मोठ्या कंपनीस झेपते. घरच्या घरी गाणे मुद्रित करून महाजालावर ठेवणाऱ्या हौशी गायकाच्या ती आवाक्याबाहेरची आहे. त्याला मालकाची परवानगी हाच मार्ग उरतो. गाणे विनामूल्य ऐकविले तरीही ही गरज टळत नाही.

दुसऱ्या प्रकारास सॅम्पलिंग म्हणतात. यात मुद्रित आवाजाचा प्रत्यक्ष तुकडाच घेतलेला असल्याने शब्द व चाल यांच्या मालकांबरोबरच ध्वनिमुद्रणाच्या मालकाचीही संमती लागते आणि येथे सक्तीच्या अनुज्ञप्तीचा आधार नाही. गिल्बर्ट ओसलिव्हन यांच्या गीताचा अंश बिझ मार्की या रॅप गायकाने परवानगीवाचून वापरला, तेव्हा १९९१ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयाने चोरी न करण्याच्या बायबलमधील आज्ञेनेच निकालपत्राचा प्रारंभ केला होता. भारतीय संगीतावरही हा प्रसंग ओढवला. बप्पी लाहिरी यांनी ‘ज्योती’ (१९८१) या चित्रपटासाठी बांधलेल्या व लता मंगेशकर यांनी गायिलेल्या गीताचा भाग २००२ मध्ये एका अमेरिकन गीतात आढळला. लाहिरी यांचे नाव नमूद केल्याखेरीज त्या मुद्रणाची विक्री करू नये, असा आदेश लॉस अँजेल्सच्या न्यायालयाने २००३ साली दिला.

काही सेकंदांपर्यंतचा वापर मोकळा असतो, हा संगीतव्यवसायात रूढ असलेला समज निराधार आहे. भारतीय कायद्यात सेकंदांची मर्यादा कोठेही दिलेली नाही. जाहिरातीसाठी केलेली आपली धून ‘क्रेझी ४’ या चित्रपटाच्या गाण्यांत घेतल्याची तक्रार संगीतकार राम संपत यांनी २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात केली. उचललेला अंश थोडा असला तरी गाण्याचा प्राण त्यातच आहे, असे मानून न्यायालयाने त्या गाण्यांसह चित्रपट प्रदर्शित करण्यास मनाई केली. नंतर उभय पक्षांत तडजोड झाली. किती घेतले यापेक्षा काय घेतले, हे अशा वेळी पाहिले जाते.

राग, ताल व परंपरेने आलेल्या लोकधुना कोणाच्याही मालकीच्या नाहीत. संत तुकारामांच्या अभंगांचे शब्दही सर्वांस मोकळे आहेत. परंतु त्यांना श्रीनिवास खळे (१९२६–२०११) यांनी लावलेल्या चाली मोकळ्या नाहीत. अभंग निवडणाऱ्या गायकाची येथेच गफलत होते. रागाच्या चौकटीत बांधलेल्या बंदिशीचा प्रश्न अधिक अवघड आहे. डागर घराण्यातील ‘शिवस्तुती’ ही रचना ‘पोन्नियिन सेल्वन २’ (२०२३) या चित्रपटातील गीतात वापरल्याच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी एप्रिल २०२५ मध्ये वादीच्या बाजूने अंतरिम आदेश दिला; त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने सप्टेंबरमध्ये तो रद्द केला. एखादी रचना गाणे व ती रचणे या निराळ्या गोष्टी असून, गायिल्याच्या पुराव्यावरून कर्तृत्व सिद्ध होत नाही, हा त्यातील कळीचा मुद्दा होता.

खाजगी वापर, अभ्यास, टीका व समीक्षा यांसाठी केलेला वाजवी वापर कायद्याने क्षम्य मानला आहे. धार्मिक विधीत आणि लग्नाच्या वरातीत गाणी वाजविण्यासही मुभा आहे. मात्र वरातीत वाजविलेल्या गाण्याची ध्वनिफीत काढून विकावयाची झाल्यास ही मुभा उपयोगी पडत नाही. हेतुपुरस्सर हक्कभंगास सामान्यतः सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे. व्यवहारात मात्र मनाई हुकूम व नुकसानभरपाई यांसाठीचे दिवाणी दावेच अधिक होतात. आवृत्ती-मुद्रणाचे स्वामित्वधन ठरविण्याचे काम पूर्वी स्वामित्वाधिकार मंडळाकडे होते. ते २०१७ मध्ये बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे गेले आणि ते मंडळही २०२१ मध्ये विसर्जित झाल्यावर उच्च न्यायालयांकडे आले.