मोहरीच्या कुळातली घुसखोर

उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडच्या जंगलांत वसंत लागला की ‘वेस्ट व्हर्जिनिया व्हाइट’ या पांढऱ्या फुलपाखराची मादी टूथवर्ट नावाचं रानफूल हुडकत फिरते. पानावर उतरून ती पायांनीच चव घेते. मोहरीकुळाची ओळख असलेली ग्लुकोसिनोलेट द्रव्यं लागली की एक अंडं घालते आणि पुढे उडते. हल्ली ती पुष्कळदा गार्लिक मस्टर्डवर उतरते. चव ओळखीची लागते, अंडं घातलं जातं. अळी बाहेर येते, पान कुरतडते आणि मरते.

ही वनस्पती युरोपातली. अमेरिकेत तिची पहिली नोंद १८६८ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर झाली.

टूथवर्ट आणि ती एकाच कुळातल्या, म्हणूनच मादी फसते. पण गार्लिक मस्टर्डमध्ये सिनिग्रिन भरपूर असतं. मोहरी फेसताना नाकात जाणारा झणका याच द्रव्याचा: पेशी फुटल्या की एक विकर सिनिग्रिन मोडतं आणि तिखट तेल सुटतं. शिवाय अ‍ॅलियारिनोसाइड हे तिचं खास द्रव्य अळ्यांना बाधतं. २००७ मध्ये तर तिच्या पानांत सायनाइडही सापडलं.

जमिनीखालचा मामला वेगळाच. मेपलसारख्या झाडांची रोपं मुळांशी राहणाऱ्या बुरशीच्या मदतीने पोषण मिळवतात. मोहरीकुळाचं या बुरशीवाचून सहसा अडत नाही. क्रिस्टिना स्टिन्सन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलं, की गार्लिक मस्टर्ड वाढलेल्या मातीत तिच्या रसायनांमुळे ही बुरशी मुळांवर नीट बसत नाही आणि रोपं खुरटतात. युरोपातल्या बुरशीला मात्र याच रसायनांचा त्रास कमी होतो. तिथली ‘ऑरेंज टिप’ फुलपाखराची अळीही ही वनस्पती खाऊन सुखाने वाढते. विष तेच, फरक जुन्या सहवासाचा.

अमेरिकेतही हा सहवास आता मुरू लागला आहे. रिचर्ड लँकाऊ आणि सहकाऱ्यांच्या २००९ च्या अभ्यासात जुन्या वसाहतींतल्या गार्लिक मस्टर्डमध्ये विषारी द्रव्यं नव्या वसाहतींपेक्षा कमी आढळली. स्थानिक रोपं मागे हटली, की उरते ती आपसातली स्पर्धा, आणि तिथे महागडी विषं बनवण्याचा फायदा घटतो. ‘मस्टर्ड व्हाइट’ या दुसऱ्या स्थानिक फुलपाखराच्या काही अळ्या तर याच पानांवर तगून मोठ्या होऊ लागल्या आहेत. वेस्ट व्हर्जिनिया व्हाइटच्या अळ्यांना ते अजून साधलेलं नाही. त्यामुळे टूथवर्टच्या आसपासची गार्लिक मस्टर्ड मुळासकट उपटणं, तेही बी धरण्याआधी, हा तूर्त हाताशी असलेला एक उपाय.