अंतराळवीराने कधी झोपायचं?

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर 24 तासांत साधारण 16 वेळा सूर्य उगवतो. वेळापत्रकात झोपेला साडेआठ तास राखलेले, पण प्रत्यक्षात सरासरी सहाच्या आसपासच मिळतात! त्यात एखादं यान अवेळी येणार असेल, तर झोपच कित्येक तास सरकवावी लागते.

इथे सॉफ्टवेअर कामी येतं. हार्वर्डच्या एलिझाबेथ क्लर्मन यांच्यासारख्या संशोधकांनी शरीरघड्याळ गणितात मांडलंय: जागरण किती साचलं, डोळ्यांवर उजेड कधी आणि किती पडला. त्यावरून निळसर प्रकाश कधी घ्यायचा, दिवे कधी मंद करायचे, हे ठरवता येतं. माझ्या मते खरी कसोटी पुढे आहे. पहाटे उठणारा आणि रात्री जागणारा, दोघांना एकच वेळापत्रक लावणं चुकीचंच. प्रत्येकाचं घड्याळ वेगळं धरूनच आराखडा व्हायला हवा.