कल्पसंख्येचे अंकगणित

बोरीकाठच्या पारोळ्याहून दक्षिणेस गिरणा ओलांडून गेले असता चाळीसगाव तालुक्यात डोंगराच्या पायथ्याशी पाटणे हे गाव लागते. तेथील तेराव्या शतकाच्या प्रारंभीचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये विद्वानांच्या निदर्शनास आणला. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापिल्याचे त्यावरून कळते. या ग्रंथांपैकी 'सिद्धान्तशिरोमणि' (शके १०७२, इ. स. ११५०) यातील ग्रहगणित एका प्रचंड संख्येवर उभे आहे. ती संख्या म्हणजे कल्पाची वर्षे : ४,३२,००,००,०००.

पद्यात असा आकडा शब्दांनी सांगत आणि तो एककस्थानापासून वाचीत. आधी शून्यवाचक शब्द, मग 'रद' म्हणजे दात, अर्थात ३२, व शेवटी 'अर्णव' म्हणजे समुद्र, अर्थात ४. अशा रीतीने ४३२ व त्यापुढील शून्ये छंदात बसत.

या संख्येचे अवयव पाडल्यास २ हा अकरा वेळा, ३ तीन वेळा व ५ सात वेळा येतो; अन्य मूळसंख्या येत नाही. त्यामुळे तिला १२ × ४ × ८ = ३८४ भाजक आहेत. परंतु एवढी मोठी संख्या घेण्याचे प्रयोजन काय?

कल्पारंभी सर्व ग्रह मेषारंभी होते, असे मानून कल्पातील प्रत्येकाच्या फेऱ्या पूर्णांकांत दिलेल्या आहेत. मग इष्ट दिवसाचे मध्यम स्थान केवळ त्रैराशिकाने निघते. कल्पाचे सावन दिवस १५,७७,९१,६४,५०,००० होत. त्यांस वर्षसंख्येने भागून संक्षेप केला असता ११,६८,८२७ / ३,२०० हा अपूर्णांक येतो. म्हणजे सूर्य व दिवस यांचा मेळ ३,२०० वर्षांतच बसतो. चंद्राच्या ५७,७५,३३,००,००० फेऱ्यांस १४,४०० वर्षे पुरतात. शनीच्या मंदोच्चाच्या फेऱ्या मात्र अवघ्या ४१ आहेत. ४१ ही मूळसंख्या असून ती कल्पसंख्येच्या अवयवांत नाही. म्हणून येथे संक्षेप होत नाही व संपूर्ण कल्पच घ्यावा लागतो. कल्प हा या सर्व गतींचा समान छेद होय.

पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे असल्याने कल्पसंख्येत प्राचीनांचे भूगर्भज्ञान पाहण्याचा मोह होतो. तो टाळणेच श्रेयस्कर. पूर्णांक नेमके असले म्हणजे वेधही तितकेच नेमके ठरतात, असेही नाही. वरील भागाकाराने येणारे ३६५.२५८४४ दिवसांचे वर्ष आजच्या नाक्षत्र वर्षाहून (३६५.२५६३६ दिवस) सुमारे तीन मिनिटांनी मोठे आहे. दरवर्षीचा हा फरक साठत जाऊन सुमारे ४८० वर्षांत एक दिवसाचा होतो. संख्येचे खरे मोल तिच्या विशालतेत नसून, भिन्न गतींना एका हिशेबात आणण्याच्या योजनेत आहे.