बी कोणाचे, शेत कोणाचे?

शास्त्राच्या पुस्तकात कथा-कादंबरीसारखे नायक-नायिका नसतात, अशी आपली समजूत असते. पण एमिली मार्टिन या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९९१ साली एका लेखात दाखवून दिले की, गर्भधारणेचा पाठ परीकथेसारखाच लिहिला जातो. शुक्रजंतू म्हणजे शूर शिपाई. तो झुंजतो, तट फोडून आत शिरतो. आणि स्त्रीबीज? ते बिचारे वाट पाहत पडून असते.

प्रश्न नुसत्या शब्दांचा नाही. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शुक्रजंतूचा जोर मोजला, तेव्हा पुढे घुसण्याची त्याची ताकद अगदी क्षीण निघाली. डोके दोन्ही बाजूंना हलवण्याचा जोर मात्र कितीतरी पट अधिक. म्हणजे स्त्रीबीजाचे आवरणच त्याला धरून ठेवते. तरीही पुढच्या लिखाणात हल्ला करणारा शुक्रजंतूच राहिला! पुरावा हातात आला, पण उपमा डोक्यातून जाईना. (काहींनी मग स्त्रीबीजाला सापळा लावून बसलेली बाई ठरवले. तेही मार्टिनबाईंना पटले नाही.)

आपल्याकडची उपमा याहून जुनी आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात स्त्री म्हणजे शेत, पुरुष म्हणजे बी, आणि दोहोंत बी श्रेष्ठ. एकाच्या शेतात दुसऱ्याने पेरले तर पीक कोणाचे, याचाही तेथे खल आहे. शेताला मात्र कोणी विचारत नाही. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला तो ग्रंथ जाळला गेला. त्याच्या बरोबर शंभर वर्षे आधी, १८२७ साली, फॉन बेअर या शास्त्रज्ञाने सस्तन प्राण्याच्या मादीचे बीज सूक्ष्मदर्शकातून पाहिले होते. बी दोघांचेही असते. मराठीने त्याला 'स्त्रीबीज' म्हटले, हे फार बरे झाले.

ग्रंथ जळाला, पण उपमा आपल्या घरांतून गेली का? आमच्या वस्तीत एका सुनेला तिसरी मुलगी झाली. "जमीनच तसली," असे सासूबाई म्हणाल्या आणि बाळंतिणीला माहेरी ठेवण्याची बोलणी सुरू झाली. महिला मंडळाच्या भगिनींबरोबर मी गेलो. म्हटले, "मावशी, तुम्ही गावाकडे शेतमजुरी केलीत. जोंधळा पेरला तर गहू उगवतो का?"

"कसा उगवंल?"

मग सांगितले. आईकडून २३ गुणसूत्रे येतात, बापाकडूनही २३. त्यातले लिंग ठरवणारे गुणसूत्र आईकडून नेहमी एक्सच येते. बापाकडून एक्स आले तर मुलगी, वाय आले तर मुलगा. नेटी स्टीव्हन्स या शास्त्रज्ञ बाईंनी १९०५ साली किड्यांवर काम करून हे दाखवले.

मावशी उसळल्या, "म्हंजी माझ्या लेकाचा दोष?"

"दोष कसला, मावशी? एक्स जाईल की वाय, हे त्याच्या हातात नाही. आणि मुलगी होणे हा दोष कधीपासून झाला? तुम्हीही कुणाची मुलगीच ना?"

मावशी गप्प राहिल्या. सूनबाई मात्र दाराआडून बाहेर आली आणि म्हणाली, "भाऊ, ते एक्स-वायचं एका कागदावर लिहून द्या. आमच्या मालकांना दाखवते."