फोटो स्टुडिओची फ्रँचायझी घ्यायची की स्वतःचं नाव लावायचं?

हा भाग ऐकायला वेळ मिळाला नसेल, किंवा ऐकताना आकडे लिहून घ्यायचे राहिले असतील, तर हे घ्या लेखी. बोललोय तसंच ठेवलंय, फक्त माझं 'म्हणजे बघा, म्हणजे बघा' जरा कमी केलंय.

गेल्या महिन्यात एक व्हॉइस मेसेज आला. मुलगा साताऱ्याचा, तीन सीझन लग्नं शूट केलेला. आईच्या नावावर सहा लाखांची एफडी आहे. ती मोडून लहान बाळांच्या फोटोग्राफीची फ्रँचायझी घ्यायची आहे. शेवटी म्हणतो, "दादा, घेऊ का? सोमवारपर्यंत टोकन भरायचंय."

मी त्याला पहिलं उत्तर दिलं ते एवढंच, की सोमवार विसर. चांगला धंदा मंगळवारीही चांगलाच असतो. दुसरं उत्तर द्यायला मात्र हा अख्खा भाग लागला, कारण २०१९ साली मी अगदी याच जागी उभा होतो.

बाबांचा प्रश्न

तेव्हा मी सांगलीत होतो. लग्नांत सेकंड शूटर म्हणून काम करायचो, पैसे सीझनपुरते. बाबा नुकतेच निवृत्त झालेले. एका कंपनीचं प्रेझेंटेशन बघून आलो आणि रात्री जेवताना सगळं सांगितलं. तयार नाव, तयार सेटअप, ट्रेनिंग, बुकिंगसुद्धा तेच देणार.

बाबांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "फोन कुणाला येणार?"

मला कळेना. म्हणाले, "गिऱ्हाईक फोन करेल तो नंबर कुणाचा? तुझा की त्यांचा?"

करारनामा काढून बघितला. नंबर कंपनीचा. इन्स्टाग्रामचं पान कंपनीचं. गूगलवरचं दुकानाचं प्रोफाइल, म्हणजे सगळे रिव्ह्यू, तेही कंपनीचे. पाच वर्षांची मुदत संपली आणि मी बाहेर पडलो, तर माझ्याकडे काय उरणार? कॅमेरा, दोन सॉफ्टबॉक्स आणि टोपल्या.

आपण नेमकं काय विकत घेतोय?

फ्रँचायझी म्हणजे चार गोष्टींचं एक पाकीट. नाव, शिकवणी, पद्धत आणि गिऱ्हाईक. पद्धत म्हणजे दर किती लावायचा, पॅकेज कसं बनवायचं, अल्बम कुठे छापायचा हे सगळं. या चारपैकी तुमच्याकडे काय नाही, ते आधी वहीत लिहा. जे आहे त्याचेच पैसे पुन्हा भरू नका.

नाशिकच्या माझ्या एका मैत्रिणीला फ्रँचायझीचा खरंच फायदा झाला. ती सॉफ्टवेअर टेस्टिंगमधून आलेली, बाळांचा अनुभव शून्य. नवजात बाळाचं शूट साधारण पहिल्या दोन आठवड्यांत करतात, खोली उबदार ठेवावी लागते, आणि बाळाला हाताळणं हे मोठं जबाबदारीचं काम आहे. बाळ स्वतःच्या हातांवर हनुवटी टेकवून बसलंय असा फोटो पाहिलाय ना? तो एका क्लिकचा नसतो. एकदा डोकं धरून, एकदा हात धरून असे दोन फोटो काढतात आणि नंतर जोडतात. बाळाचा आधार एक क्षणही सोडायचा नसतो. हे यूट्यूबवर बघून थेट कुणाच्या तरी बाळावर शिकायची गोष्ट नाही. तिला शिकवणी हवी होती, ती मिळाली, पैसे वसूल.

पण हीच शिकवणी एखाद्या अनुभवी फोटोग्राफरकडे काही महिने मदतनीस राहूनही मिळते. म्हणून आता हिशोब.

चला, वही काढा

गोल आकडे घेऊ. तुमचे वेगळे असतील, पद्धत हीच.

एका शूटचे ५,००० रुपये. त्यातले एडिटिंग, प्रिंट, अल्बम यात १,००० गेले, ४,००० उरले. जागेचं भाडं २२,०००, एका मदतनिसाचा पगार १५,०००, वीज-इंटरनेट-धुलाई ८,०००. म्हणजे महिन्याचा ठरलेला खर्च ४५,०००.

महिन्याला ३० शूट झाले तर १,२०,००० उरतात, वजा ४५,०००. हातात ७५,०००. हे झालं कंपनीला काही देण्याआधीचं.

आता फ्रँचायझी. रॉयल्टी १० टक्के, जाहिरात निधी २ टक्के. दीड लाखाच्या विक्रीवर १८,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी, ३,२४०. पुढे सुरुवातीची फी ५ लाख, तिच्यावर जीएसटी ९०,०००, एकूण ५,९०,०००. पाच वर्षांत, म्हणजे ६० महिन्यांत वाटली तर महिन्याला साधारण ९,८३३. सगळं मिळून ३१,०७३ रुपये महिना.

हातात उरले ४३,९२७.

आता उलटं बघा. स्वतःच्या नावावर एवढेच पैसे उरायला किती शूट लागतील? २२ शूटचे ८८,०००, वजा ४५,०००, उरले ४३,०००. जवळपास तेवढेच.

म्हणजे फ्रँचायझीतले ३० आणि स्वतःचे २२ सारखेच. मग प्रश्न 'ब्रँड मोठा की छोटा' हा नाहीच. प्रश्न असा, की हे नाव मला दर महिन्याला, पाचही वर्षं, आठ जास्तीची शूट आणून देईल का? आणि दुसरा, याच ३१ हजारांत मी स्वतः जाहिरात केली, रील बनवायला एखादा पोरगा ठेवला, तर किती येतील?

एक गोष्ट ध्यानात ठेवा. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी सक्तीची नसते. पण नोंदणी नसेल तर कंपनीला भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही, तो सरळ खर्चच. नोंदणी असेल तर गणित बदलतं. सीएकडे अर्धा तास बसा.

आणि साताऱ्याच्या मित्रा, तुझ्या सहा लाखांतले ५,९०,००० फीमध्येच गेले. लाइट, बॅकड्रॉप, जागेचं डिपॉझिट कशातून?

करारात काय बघायचं

अमेरिकेत फ्रँचायझी विकणाऱ्या कंपनीला करार किंवा पैसे घेण्याच्या निदान १४ दिवस आधी सगळी माहिती लेखी द्यावी लागते. तसा नियमच आहे. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही. मुख्य आधार १८७२ च्या करार कायद्याचा. म्हणजे जे विचाराल तेच कळेल, आणि कागदावर असेल तेच खरं. मी हे विचारेन:

१. रॉयल्टी विक्रीच्या टक्क्यांत आहे की महिन्याला ठरावीक? 'किमान रक्कम' असं कुठे लिहिलंय का?

२. माझा इलाखा कुठला? 'सांगली शहर' लिहिलंय, पण सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एकच महापालिका. मग मिरजेत ते दुसऱ्याला देऊ शकतात का?

३. 'महिन्याला इतकी बुकिंग देऊ' हे करारात आहे की फक्त तोंडी?

४. नंबर, सोशल मीडियाची पानं, गिऱ्हाइकांची यादी, सोडताना कुणाकडे राहणार?

५. मध्येच सोडलं तर काय? आणि सोडल्यावर फोटोग्राफी करायला बंदी आहे का? करार कायद्याच्या कलम २७ मुळे करार संपल्यानंतरची अशी बंदी सहसा टिकत नाही. पण करार चालू असतानाची टिकू शकते, आणि कोर्टाच्या फेऱ्या परवडतात का, हा वेगळाच प्रश्न.

६. भांडण झालं तर कुठल्या शहरात?

शिवाय ट्रेडमार्क खरंच त्यांच्या नावावर आहे का, हे सरकारी संकेतस्थळावर बघता येतं. आणि तीन फ्रँचायझीवाल्यांशी बोला, पण कंपनीने दिलेल्या यादीतल्यांशीच नाही. निदान एक तरी बंद केलेला शोधा. त्याच्याबरोबर अर्धा तास चहा प्यायलात तर जे कळेल, ते प्रेझेंटेशनमध्ये कधीच नसतं.

पहिला प्रश्न मी एवढा ताणून का सांगतोय? कोल्हापूरच्या माझ्या मित्राने माझ्याच सुमारास सही केली. त्याची फी महिन्याला ठरावीक होती. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला, स्टुडिओला कुलूप, बाळ घेऊन कोण येणार? पण फी चालूच. डिपॉझिटमधून वळती होत गेली. माणूस कष्टाळू होता, फोटो माझ्यापेक्षा चांगले काढायचा. एका ओळीने बुडवलं.

मग मी काय केलं?

सही केली नाही. शहाणा होतो म्हणून नव्हे, बाबांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं म्हणून. वापरलेला कॅमेरा, एक ५० एमएमची लेन्स, एक लाइट घेऊन लोकांच्या घरी जाऊन शूट सुरू केली. पहिल्या चार महिन्यांत फक्त ११ झाली. घर चाललं ते लग्नांवर. आणि खरं सांगतो, पहिली दोन वर्षं मी दर इतका कमी लावला, की गिऱ्हाईक खूश आणि मी कंगाल. ही एक गोष्ट फ्रँचायझीने मला पहिल्याच आठवड्यात शिकवली असती. स्वतंत्र राहणं फुकट नसतं, त्याची फी आपण चुकांमधून भरतो.

कागदपत्रांचं म्हणाल तर ते सोपं आहे. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत. महाराष्ट्रात मोजकेच कामगार असतील तर दुकान कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. मुद्रा योजनेत तारण न ठेवता कर्जासाठी अर्ज करता येतो.

सही करण्याआधी एक परीक्षा

तीन महिने घ्या. स्वतःच्या नावावर, पूर्ण दराने, दहा शूट विका. मावशी, मित्र, शेजारी सोडून, अनोळखी लोकांना. नवजात बाळांचा अनुभव नसेल तर बसायला लागलेल्या बाळांपासून सुरू करा.

दहा विकली गेली? मग गिऱ्हाईक आणणं तुम्हाला जमतंय, त्यासाठी कुणाला पाच वर्षांचा हिस्सा देऊ नका. फोटो छान, पण दहा विकताच आली नाहीत? मग तुम्हाला विक्रीची मदत हवीय. तेव्हा फ्रँचायझीचा विचार जरूर करा, वरचे सहा प्रश्न हातात घेऊन. आणि या तीन महिन्यांत हे कामच आवडत नाही असं कळलं, तर आईची एफडी वाचली.

साताऱ्याच्या मुलाने टोकन भरलं नाही. परवा त्याचा मेसेज आला, "दादा, चार झाली. तीन अनोळखी." म्हणजे मोजायची तीनच. सहा महिन्यांनी त्याला इथे बोलावू, काय ठरवलं ते तोच सांगेल.

तुमच्याकडे असा एखादा करारनामा आला असेल तर त्यातलं न कळलेलं कलम व्हॉइस मेसेजवर वाचून पाठवा. नावं सांगू नका, फक्त कलम. भेटू पुढच्या भागात!